रेक्स : एका लॅटिन शब्दाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लॅटिनचा विषय निघाला की माझ्याकडे सर्वांत जास्त प्रश्न ‘रेक्स’वर येतात. त्याला कारण आहे. मुलांना हा शब्द डायनोसॉरमुळे माहीत असतो. वसई-गोव्याच्या मंडळींना तो क्रुसावर दिसतो, आणि शाळेत संस्कृत घेतलेल्यांना तो ‘राजन्’चा भाऊबंद वाटतो. तिन्ही ओळखी खऱ्या आहेत. पण या शब्दाची खरी ओळख त्याच्या विभक्तिरूपांतून होते, असे माझे ठाम मत आहे. म्हणून खाली अर्थ आणि इतिहास यांच्याबरोबर व्याकरणालाही भरपूर जागा दिली आहे.

‘रेक्स’ म्हणजे नेमके काय?

राजा. पुल्लिंगी नाम. परक्या देशाचा राजा, गोष्टीतला राजा, देवांचा राजा ज्युपिटर, सगळ्यांना हाच शब्द. जुन्या रोमन नाटकांत श्रीमंताच्या पंगतीला रोज फुकट जेवणारे आश्रित आपल्या अन्नदात्यालाही ‘रेक्स’ म्हणतात. आपल्याकडे मालकाला ‘राजे’ म्हणून चढवावे, तसाच तो सूर आहे.

उच्चार कसा करायचा?

सिसेरो-सीझरच्या, म्हणजे इ.स.पू. पहिल्या शतकाच्या, काळच्या उच्चारात ‘रे’ दीर्घ, शेवटी ‘क्स्’, आणि पुढच्या रूपांतला ‘ग’ नेहमी ‘ग’च: रेगिस्, रेगेम्. चर्चच्या परंपरेत मात्र ‘इ’ आणि ‘ए’ यांच्या आधीच्या ‘ग’चा ‘ज’ होतो. तिथे तुम्हाला रेजिस्, रेजेम् ऐकू येईल. मेरीमातेच्या प्रसिद्ध स्तोत्रातले ‘साल्वे रेजीना’ हे दुसऱ्या परंपरेतले. दोन्ही उच्चार आपापल्या जागी बरोबर आहेत. फक्त एकाच वाक्यात दोन्ही मिसळू नका.

शब्दकोशात ‘रेक्स, रेगिस्’ अशी दोन रूपे का देतात?

हा प्रश्न मला सगळ्यांत आवडतो, कारण याचे उत्तर मराठी माणसाला चटकन कळते. आपण ‘घोडाला’ म्हणत नाही, ‘घोड्याला’ म्हणतो. प्रत्यय लागण्याआधी शब्दाचे जे रूप होते, त्याला आपण सामान्यरूप म्हणतो. लॅटिनमध्येही प्रत्यय मूळ अंगाला लागतात, आणि ते अंग प्रथमेत अनेकदा लपलेले असते. ‘रेक्स्’चे खरे अंग आहे ‘रेग्’. त्याला प्रथमेचा ‘स्’ लागला, ‘स्’च्या शेजारी ‘ग्’ कठोर होऊन ‘क्’ झाला, आणि ‘रेक्स्’ तयार झाले.

नुसत्या ‘क्स्’वरून मागे ‘ग्’ आहे की ‘क्’, हे कळत नाही. ‘लेक्स्’ (कायदा) याची षष्ठी ‘लेगिस्’, पण ‘वोक्स्’ (आवाज) याची षष्ठी ‘वोकिस्’. हा ‘वोक्स्’ म्हणजे आपल्या ‘वाक्’चा सख्खा भाऊ, आणि संस्कृतातही ‘वाच्’ प्रथमेत ‘वाक्’ होऊनच समोर येतो. म्हणून कोशकार प्रथमेबरोबर षष्ठी देतात: प्रथमा नाव सांगते, षष्ठी घराणे सांगते. लॅटिन शब्द पाठ करताना दोन्ही रूपे एका दमात म्हणायची सवय लावा. पुढचे निम्मे कष्ट वाचतात.

सगळी रूपे एकत्र मिळतील का?

लॅटिनमध्ये सहा विभक्ती. तृतीयेचे काम पंचमीने गिळले आहे आणि बहुतेक शब्दांत सप्तमीचेही.

एकवचन
प्रथमा: रेक्स् – राजा
संबोधन: रेक्स् – हे राजा
द्वितीया: रेगेम् – राजाला (कर्म)
चतुर्थी: रेगी – राजाला, राजासाठी
षष्ठी: रेगिस् – राजाचा
पंचमी: रेगे – राजापासून, राजाकडून

अनेकवचन
प्रथमा, संबोधन, द्वितीया: रेगेस् – राजे, हे राजांनो, राजांना
चतुर्थी, पंचमी: रेगिबुस् – राजांना, राजांसाठी, राजांपासून
षष्ठी: रेगुम् – राजांचे

देवनागरीत एक अडचण राहते. आपल्या लिपीत ऱ्हस्व ‘ए’ला वेगळे चिन्ह नाही. पहिला ‘रे’ सर्व रूपांत दीर्घ आहे. शेवटचा ‘ए’ मात्र ‘रेगेम्’ आणि ‘रेगे’ यांत ऱ्हस्व आहे, आणि ‘रेगेस्’मध्ये दीर्घ. गद्य वाचताना फारसे बिघडत नाही, पण वृत्तबद्ध कविता वाचताना याच्यावरच सगळे अवलंबून असते.

वाक्यात वापरून पाहू. ‘रेक्स् रेगेम् नेकत्’ म्हणजे राजा राजाला मारतो. ‘रेगेम् रेक्स् नेकत्’ म्हटले तरी मारणारा आणि मरणारा बदलत नाहीत. इंग्रजीतून लॅटिनकडे येणाऱ्याला हे पचायला वेळ लागतो. आपल्याला ‘राजाला राजा मारतो’ हे वाक्य कधीच अडलेले नसते.

संस्कृत ‘राजन्’शी याचे खरेच नाते आहे, की नुसते ध्वनिसाम्य?

खरे नाते आहे. आणि ‘राजन्’पेक्षाही जवळचा नातलग संस्कृतात आहे: ‘राज्’. एकटा तो वेदांत भेटतो, पण ‘सम्राज्’ या जोडशब्दात तो आजही आपल्या तोंडी आहे, कारण ‘सम्राट्’ ही त्याचीच प्रथमा. आता रूपे शेजारी ठेवा. द्वितीया: सम्राजम् – रेगेम्. चतुर्थी: सम्राजे – रेगी. षष्ठी: सम्राजः – रेगिस्. व्यंजनान्त नामाला तेच प्रत्यय, त्याच जागी. अनेकवचनातला ‘-बुस्’सुद्धा आपल्या ‘-भ्यः’चा जवळचा नातलग आहे.

शब्द उसना घेता येतो, पण विभक्तीचे अख्खे प्रत्यय कोणी सहसा उसने घेत नाही. म्हणून भाषांचे नाते ठरवताना शब्दांच्या यादीपेक्षा असा एक रूपांचा तक्ता मला जास्त बोलका वाटतो.

यात आणखी एक नवल आहे. हा शब्द राजा या अर्थी इंडो-युरोपीय भाषाकुलाच्या, म्हणजे लॅटिन आणि संस्कृत ज्यात येतात त्या कुलाच्या, दोन टोकांना टिकला. पश्चिमेला लॅटिन आणि केल्टिक भाषांत, पूर्वेला संस्कृतात. मधल्या ग्रीकमध्ये राजाला ‘बासिलेउस’ म्हणतात, त्याचा याच्याशी संबंध नाही. केल्टिक शाखेत गॉल लोकांचा, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या तेव्हाच्या रहिवाशांचा, ‘रिक्स’ होता. इ.स.पू. 52 मध्ये अलेसियाला सीझरपुढे शरण आलेल्या गॉल सरदार व्हर्किंगेटोरिक्सच्या नावाच्या शेवटी तोच आहे. जर्मन ‘राइश’ आणि इंग्रजी ‘रिच’ हे शब्द जर्मानिक भाषांनी फार पूर्वी केल्टिकांकडून उचलले.

मूळ धातूचा अर्थ काय?

सरळ करणे, सरळ रेषेत नेणे. लॅटिन क्रियापद ‘रेगेरे’ म्हणजे दिशा देणे, राज्य चालवणे. त्याचे भूतकालवाचक विशेषण ‘रेक्तुस्’, म्हणजे सरळ, बरोबर. ‘रेगुला’ म्हणजे रेषा आखायची पट्टी. संस्कृतात ‘ऋजु’ याच घरातला. क्रियापदातला ‘रे’ ऱ्हस्व आणि नामातला दीर्घ, यानेही गोंधळू नका. ‘वच्’पासून ‘वाच्’ होतो, तोच प्रकार आहे.

फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ एमिल बेन्वेनिस्त यांनी यावरून एक मांडणी केली. त्यांच्या मते मुळातला रेक्स हुकूम सोडणारा सत्ताधीश नव्हता, तर रेषा आखणारा होता. गावाची सीमा, पवित्र आणि अपवित्र यांच्यातली हद्द, योग्य आणि अयोग्य यांच्यातली ओळ आखण्याचा अधिकार त्याचा. लॅटिनमध्ये ‘रेगेरे फीनेस्’, म्हणजे सीमा आखणे, असा वाक्प्रयोग खरोखरच आहे. हे सगळ्यांना मान्य नाही, पण मला पटते. बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणे चालणाऱ्या मुलखात राहणाऱ्याला हद्द आखणाऱ्याचे वजन वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

मग ‘प्रजेचे रंजन करतो तो राजा’ ही आपली व्युत्पत्ती चुकीची का?

इतिहास म्हणून ती टिकत नाही. कालिदासाने रघुवंशात ‘राजा प्रकृतिरञ्जनात्’ म्हटले, त्याच्या कितीतरी आधी निरुक्तकार यास्काने ‘राजा राजतेः’, म्हणजे शोभतो तो राजा, असे सांगितले. लॅटिन आणि केल्टिक रूपे शेजारी ठेवली की ‘रञ्ज्’ धातू मागे पडतो.

पण अशा व्युत्पत्तींना फेकून देऊ नये. लोकांना आपला राजा कसा हवा होता, हे त्या सांगतात. रोमनांनीही तेच केले. रोमन कवी होरेसने आपल्या एका पत्रकाव्यात खेळणाऱ्या पोरांची आरोळी नोंदवली आहे: ‘रेक्स् एरिस्, सी रेक्ते फाकिएस्’. नीट वागशील तर राजा होशील. पोरांना धातुपाठ ठाऊक नव्हता, तरी ‘रेक्स्’ आणि ‘रेक्ते’ त्यांनी एका ओळीत आणले. रंजन करील तो राजा म्हणणारा कालिदास आणि नीट वागेल तो राजा म्हणणारी रोमची पोरे, दोघेही राजाला अटच घालत होते.

हा शब्द लिहिलेला सर्वांत जुना पुरावा कोणता?

रोमच्या फोरममध्ये, म्हणजे जुन्या शहराच्या मुख्य चौकात, 1899 साली पुरातत्त्वज्ञ जाकोमो बोनी यांना काळ्या फरसबंदीखाली एक मोडका दगडी स्तंभ सापडला. वरचा भाग तुटलेला, चारी बाजूंना अक्षरे. काळ साधारण इ.स.पू. सहावे शतक. ओळी उभ्या आहेत, आणि एक खालून वर गेली की पुढची वरून खाली येते. तासाच्या टोकाला बैल वळतात आणि उलटे येतात, तशी. कोणतीच ओळ पूर्ण नाही, पण एका जागी स्पष्ट वाचता येते: ‘रेकेइ’. म्हणजेच ‘रेगी’, राजासाठी, चतुर्थी.

‘ग’च्या जागी ‘क’ का? तेव्हाच्या लॅटिन लिपीत दोन्ही ध्वनींना एकच अक्षर होते. ‘ग’चे वेगळे अक्षर इ.स.पू. तिसऱ्या शतकात आले. हा राजा खराखुरा राजा की पुढे सांगितलेला पुरोहित, यावर मतभेद आहेत. मला मात्र विभक्तीचे अप्रूप वाटते. अडीच हजार वर्षांपूर्वी कोणीतरी छिन्नीने कोरलेला चतुर्थीचा प्रत्यय आपण आजही ‘सम्राजे’च्या शेजारी ठेवून ओळखू शकतो.

फोरममधल्याच ‘रेगिया’ या वास्तूच्या जागी मातीच्या काळ्या पेल्याच्या तळावर ‘रेक्स’ अशी अक्षरे सापडली आहेत. तीही त्याच शतकातली.

रोमन लोकांना हा शब्द इतका नकोसा का होता?

परंपरेप्रमाणे रोममध्ये सात राजे झाले. शेवटचा तार्क्विनिउस सुपेर्बुस, म्हणजे उद्दाम तार्क्विनिउस, याला इ.स.पू. 509 मध्ये हाकलले आणि प्रजासत्ताक आले. पुन्हा राजा होऊ देणार नाही, अशी शपथ घेतली गेली. त्यानंतर एखाद्या पुढाऱ्याला संपवायचे तर ‘याला राजा व्हायचे आहे’ एवढा आरोप पुरे. इ.स.पू. 133 मध्ये तिबेरिउस ग्राक्खुसला ठार मारले तेव्हाही हाच आरोप हवेत होता.

शब्द मात्र पुसता आला नाही, कारण देवांशी करार राजाच्या नावाने झालेले. यज्ञ राजानेच करायचे, मग राजा गेल्यावर करणार कोण? रोमनांनी एक पुरोहित नेमला आणि त्यालाच ‘रेक्स् साक्रोरुम्’, धर्मकृत्यांचा राजा, म्हटले. बायको ‘रेगीना साक्रोरुम्’. मान मोठा, पण त्याने दुसरे कोणतेही राजकीय पद घ्यायचे नाही. दर वर्षी 24 फेब्रुवारीला हा नामधारी राजा फोरममध्ये बळी देऊन तिथून पळ काढी. त्या दिवसाचे नावच ‘रेगिफुगिउम्’, राजाचे पलायन.

आणखी एक शब्द उरला: ‘इंतेर्रेक्स्’, मधला राजा. दोन्ही कॉन्सुल, म्हणजे वर्षभरासाठी निवडलेले सर्वोच्च अधिकारी, नसले तर निवडणूक होईपर्यंत पाच-पाच दिवसांसाठी एकेकाला नेमत.

सीझर राजा होता का?

नाही, आणि त्याच्या मृत्यूत या शब्दाचा मोठा वाटा आहे. गर्दीतून कोणीतरी ‘रेक्स’ म्हणून हाक मारली, तेव्हा आपण सीझर आहोत, रेक्स नाही, असे त्याने उत्तर दिल्याचे रोमन चरित्रकार सुएटोनिउस सांगतो. यात श्लेष आहे. ‘रेक्स’ हे रोममध्ये आडनावही होते. रोमला पाणी आणणारा मार्किया कालवा बांधणारा क्विंतुस मार्किउस रेक्स हा त्याच घराण्यातला, आणि सीझरची आजी त्या घराण्याची. म्हणजे ‘तुम्ही आडनाव चुकलात’ असेही ते उत्तर होते.

इ.स.पू. 44 च्या 15 फेब्रुवारीला लुपेर्कालियाच्या सणात मार्क अँटनीने त्याच्यापुढे राजमुकुटाची पट्टी धरली. सीझरने ती नाकारली. बरोबर महिन्याने, 15 मार्चला, त्याचा खून झाला. पुढे ऑगस्टसने सत्ता सगळी घेतली, पण ‘रेक्स’ म्हणवून घेतले नाही. आणि झाले असे की ‘सीझर’ हे नावच पदवी बनले. जर्मन ‘कैसर’ तोच, आणि व्हिक्टोरिया राणीची ‘कैसर-ए-हिंद’ ही पदवीसुद्धा तिथूनच.

क्रुसावरच्या चार अक्षरांत ‘रेक्स’ कुठे आहे?

तिसरे अक्षर. आय, एन, आर, आय: ‘इएसुस् नाझारेनुस् रेक्स् इउदाएओरुम्’, नाझरेथचा येशू, यहुद्यांचा राजा. योहानाच्या शुभवर्तमानात म्हटले आहे की ही पाटी हिब्रू, लॅटिन आणि ग्रीक अशा तीन भाषांत होती. मुख्य याजकांनी रोमन सुभेदार पिलाताला सांगितले, ‘यहुद्यांचा राजा’ असे लिहू नका, ‘मी राजा आहे असे हा म्हणाला’ असे लिहा. पिलात म्हणाला, जे लिहिले ते लिहिले. ज्या साम्राज्याचा स्वतःचा सम्राट हा शब्द टाळत होता, त्याच्या अधिकाऱ्याने तो वधस्तंभावर लावला.

मराठीत आपण रोज वापरतो असे यातून आलेले शब्द कोणते?

इंग्रजीवाटे बरेच. ‘रेग्युलर’, ‘रेजिमेंट’, ‘करेक्ट’, ‘डायरेक्टर’. ‘रेल्वे’तला ‘रेल’ तर पट्टी या अर्थाच्या ‘रेगुला’पासून जुन्या फ्रेंचमधून आला. लॅटिनमधली जवळची कुटुंबमंडळी अशी: ‘रेगीना’ राणी, ‘रेग्नुम्’ राज्य, ‘रेगिउस्’ आणि ‘रेगालिस्’ राजाचे, राजेशाही. ‘रेगालिस्’वरून इंग्रजी ‘रॉयल’ आणि पोर्तुगीज नाणे ‘रेआल’. त्याचे अनेकवचन ‘रेइश’. पोर्तुगीज गोव्यात एका रुपयाचे 960 रेइश होत.

टी-रेक्समधला रेक्स तोच का?

तोच. 1905 साली हेन्री फेअरफिल्ड ऑझबर्न यांनी हे नाव ठेवले. पहिला शब्द ‘टायरॅनोसॉरस’ ग्रीक, जुलमी सरडा. दुसरा लॅटिन, राजा.

ब्रिटिश राजाच्या सहीतला ‘आर’?

राजा असेल तर रेक्स, राणी असेल तर रेगीना. तिथल्या फौजदारी खटल्यांच्या नावांतही तेच अक्षर असते. सप्टेंबर 2022 मध्ये एलिझाबेथ वारल्या आणि अक्षर तेच राहून अर्थ बदलला. आपल्याकडच्या खटल्यांत मात्र इंग्रजी पदवी वापरत: 1897 चा टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला ‘क्वीन-एम्प्रेस विरुद्ध बाळ गंगाधर टिळक’ या नावाने नोंदला आहे.

‘रेगे’ आडनावाचा संबंध आहे का?

नाही. पंचमीचे रूप तसे दिसते, एवढेच.

लॅटिन आणि आपल्या भाषांचे साम्य पहिल्यांदा कोणाला दिसले?

संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून आल्या असाव्यात असे सांगणारे विल्यम जोन्स यांचे कलकत्त्याचे 1786 चे भाषण सगळ्यांना माहीत असते. पण त्याच्या दोनशे वर्षे आधी, 1583 मध्ये, गोव्यातून फादर थॉमस स्टीफन्स यांनी भावाला लिहिलेल्या लॅटिन पत्रात म्हटले होते की इथल्या भाषांची रचना लॅटिन आणि ग्रीकसारखी आहे. हेच ते क्रिस्तपुराणाचे कर्ते. साष्टीत राहून, मराठी आत्मसात करून, ओवीत लिहिणारा इंग्रज. त्यांना हे कोणत्या शब्दावरून सुचले ते पत्रात नाही, पण विभक्ती चालवणाऱ्या भाषेत रोज बोलणाऱ्यालाच ते सुचणार होते.

गोव्यातल्या रेइश मागूशचा याच्याशी काय संबंध?

थेट संबंध. पणजीच्या समोर, मांडवीच्या पलीकडे हा किल्ला आहे आणि त्याच्या पायथ्याशी चर्च. ‘रेइश मागूश’ म्हणजे बाळ येशूला भेटायला आलेले तीन राजे. इथला ‘रेइश’ नाण्याचा नव्हे, राजांचा: लॅटिन ‘रेगेस्’चे पोर्तुगीज रूप. बोलताना ‘रेगेम्’मधला शेवटचा ‘म्’ गळला, दोन स्वरांमधला ‘ग’ मऊ होऊन ‘य’सारखा झाला आणि विरला. उरला ‘रेइ’, अनेकवचनी ‘रेइश’.

आता आपल्याकडे पाहा. संस्कृत ‘राजा’चा ‘ज’ दोन स्वरांमध्ये सापडला, आणि महाराष्ट्री प्राकृतात तो गळून ‘राआ’ झाला. पुढे ‘राया’, ‘राय’, ‘राव’. ‘राजकुल’चे ‘राऊळ’ झाले. एकमेकांची वार्ता नसलेल्या दोन भाषांनी एकाच शब्दाला एकाच जागी झिजवले. म्हणून 6 जानेवारीला रेइश मागूशच्या फेस्ताला तीन मुले राजांच्या वेशात निघतात, तेव्हा त्या गावाच्या नावात जो ‘रेइ’ असतो, तोच आपल्या ‘पंढरीराया’त, लावणीतल्या ‘राया’त आणि ‘शिवराय’ म्हणताना त्यातल्या ‘राय’मध्ये असतो.